एका ‘हं’चं प्रकरण: कलाकार आणि क्युरेटर यांची जोडमुलाखत छापताना

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या चार जणांच्या एका गटाने स्थानिक समकालीन कलाकार आणि क्युरेटर (प्रदर्शनात कोणती कामं घ्यायची, कशी मांडायची हे ठरवणारे) यांच्या आठ मुलाखतींची मालिका आखली होती. दर महिन्याला एक मुलाखत ऑनलाइन टाकायची आणि शेवटी आठही मुलाखतींची छोटी पुस्तिका छापायची, असा बेत होता. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र यांचे जाणकार गल्लोगल्ली सापडतात. मांडणशिल्पापुढे (इन्स्टॉलेशनपुढे) मात्र तोच जाणकार ‘यात काय बघायचं?’ असं सरळ विचारतो. मालिका त्या प्रश्नासाठीच होती.

तिसऱ्या मुलाखतीसाठी दोघांना एकत्र बोलावलं. एक कोल्हापूरजवळच्या खेड्यातला चाळिशीचा कलाकार. त्याच्या घरचं गुऱ्हाळ काही वर्षांपूर्वी बंद पडलं. दुसऱ्या मुंबईच्या क्युरेटर. त्याच गुऱ्हाळातून निघालेलं काम त्यांनी जुलैत मुंबईतल्या एका समूह-प्रदर्शनात मांडलं होतं.

काम असं होतं. नऊ फूट व्यासाच्या जुन्या लोखंडी काहिलीचे (उसाचा रस आटवायच्या कढईचे) गॅस कटरने २२ तुकडे केलेले, प्रत्येक दोन फूट बाय एक फूट. पत्रा ४ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे एक तुकडा पावणेसहा किलोच्या आसपास. त्यावर फेब्रुवारीत, शेजारच्या गुऱ्हाळाच्या शेवटच्या आदणातला (रसाच्या खेपेतला) गरम गूळ अर्धा इंच जाडीने ओतलेला. तो साधारण तीन किलो भरतो. कटरने जळलेल्या कडा घासल्या नव्हत्या, मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या.

गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात आणि ते हवेतली ओल ओढतात. जुलैत मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. कलादालनातला एसी रात्री बंद होत असे. तिसऱ्या दिवशी गूळ पाघळून भिंतीवर ओघळ आले, पाचव्या दिवशी मुंग्या लागल्या. सहा फुटांवर दुसऱ्या एका कलाकाराची कागदावरची कामं होती. क्युरेटरनी आठ तुकडे उतरवून गोदामात ठेवले आणि उरलेले १४ ॲक्रिलिकच्या पेट्यांत बंद केले. प्रत्येक पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. त्याआधी रात्री त्यांनी कलाकाराला फोन केला होता.

मुलाखत ठरवताना गटाला यातलं फक्त ‘पेट्या नंतर आल्या’ एवढंच माहीत होतं. तयारी म्हणून कॅटलॉग आणि भिंतीवरचा इंग्रजी मजकूर वाचला होता. बस्स.

मुलाखत आणि पहिला मसुदा

सप्टेंबरमध्ये शहरातल्या एका छोट्या सभागृहात १ तास ५२ मिनिटांचं ध्वनिमुद्रण झालं. दोघांना वेगवेगळे कॉलर माइक लावले होते आणि दोघांचे ट्रॅक वेगळे ठेवले होते. राखीव म्हणून टेबलावर एक फोन, फ्लाइट मोडवर, कारण मध्ये कॉल आला की बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग थांबतं. तांत्रिक बाजूने काही बिघडलं नाही. ट्रॅक वेगळे ठेवल्याचा फायदा पुढे झाला, तोही अनपेक्षित.

गटातल्या दोघांनी मिळून ध्वनिमुद्रणाचा शब्दशः उतारा लिहून काढायला ११ तास लागले. शब्द भरले सुमारे १४,०००. छापायचे होते ३,२००. कापाकापी करताना संपादकांनी तीन निर्णय घेतले. घेतेवेळी ते निर्णय वाटलेही नव्हते.

पहिला भाषेचा. क्युरेटर इंग्रजीमिश्रित मराठी बोलत होत्या. वाचकांची सोय म्हणून त्यांचं बोलणं स्वच्छ प्रमाण मराठीत आणलं. कलाकाराचं ‘लई’, ‘न्हाई’, ‘आमी’ मात्र तसंच राखलं. हेतू कौतुकाचा होता, मातीचा वास टिकावा असा.

दुसरा संबोधनाचा. क्युरेटर त्याला ‘तू’ म्हणत होत्या, तो त्यांना ‘मॅडम, तुम्ही’. बोलताना दोघांनाही यात काही खटकलं नव्हतं. छापील मसुद्यातही तसंच उतरलं.

तिसरा निर्णय १ तास ७ मिनिटांवरचा. प्रश्न दोघांना होता: पेट्यांचं कसं ठरलं? क्युरेटर म्हणाल्या, आम्ही ठरवलं. कलाकाराच्या माइकवर त्या वेळी एकच उच्चार आहे: ‘हं’. मसुद्यात त्याचा ‘हो’ झाला. पुढच्या फेरीत ‘हो’ही गेला आणि उत्तराच्या आधी ‘दोघे:’ असं आलं.

अडचण

प्रकाशनाला दहा दिवस असताना मसुदा दोघांना पाठवला. क्युरेटरनी दोन तारखा दुरुस्त करून त्याच दिवशी परत केला. कलाकाराने चार दिवसांनी फोन केला. मुलाखत छापू नका, एवढंच त्याचं म्हणणं होतं. कारणं खोदून विचारल्यावर निघाली, आणि त्याने सांगितली त्याच क्रमाने ती अशी: आपलंच बोलणं गावंढळ दिसतंय. मॅडमचं बोलणं पुस्तकातलं आणि आपलं पारावरचं. अख्ख्या मसुद्यात आपण मान डोलावणारे दिसतो. आणि पेट्यांना आपण कधीच हो म्हटलेलं नाही.

संपादकांनी ट्रॅक पुन्हा ऐकले. घड्याळ लावून मोजलं तेव्हा क्युरेटर ७१ मिनिटं बोलल्या होत्या, कलाकार २४ आणि मुलाखतकार १७. कलाकार उत्तरापूर्वी चार-पाच सेकंद थांबतो. मुलाखतकार साधारण दोन सेकंदांत पुढचा प्रश्न टाकत होता किंवा क्युरेटर बोलायला लागत होत्या. टेबलाभोवती बसलेल्या कुणालाच हे जाणवलं नव्हतं. वेगळ्या ट्रॅकवर मात्र कलाकाराने सात वेळा श्वास घेऊन शब्द अर्धवट सोडल्याचं ऐकू येतं.

आता ‘हं’. मराठीत समोरचा बोलत असताना आपण हुंकार देतो तो ऐकतोय हे कळवायला. होकाराचा ‘हं’ वेगळ्या सुरात येतो, तुटक असतो आणि त्याच्यामागे बहुधा आणखी एखादा शब्द येतो. इथला ‘हं’ लांबलेला आणि खाली उतरणारा होता. ऐकणाऱ्या तिघांपैकी दोघांना तो हुंकार वाटला, एकाला नाखुशीचा होकार. एवढी शंका असताना ‘दोघे:’ छापणं ही संपादनाची चूक होती, यावर तिघांचंही एकमत झालं.

परवानगीचा प्रश्नही होताच. गटाकडे लेखी काही नव्हतं. ‘रेकॉर्ड करतोय’ या व्हॉट्सॲप निरोपावर कलाकाराने अंगठा टाकला होता. ती बोलण्याची परवानगी झाली. त्या बोलण्यातून बेतलेला छापील मजकूर त्याच्या नावावर लावायची परवानगी त्यात येत नाही.

तोलून पाहिलेले पर्याय

वादग्रस्त भाग कापून बाकीचं छापावं, हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. दोघांनाही तो चालला असता. पण ओल ओढणारं साहित्य, एसीची वेळ, शेजारच्या कामाची सुरक्षितता आणि कलाकाराचा हेतू हे सगळं त्याच भागात एकत्र येत होतं. तोच काढला तर उरतं ते कॅटलॉगमध्ये आधीच छापलेलं होतं.

मुलाखत रद्द करणं प्रामाणिक ठरलं असतं. पण प्रत्येकी ३,००० रुपये मानधन देऊन झालं होतं, आणि क्युरेटरचा दोष नसताना त्यांचा दिवस वाया गेला असता.

तळटीप देऊन कलाकाराचा खुलासा छापावा, असंही सुचलं. मग क्युरेटरचं म्हणणं मुख्य मजकुरात आणि कलाकाराचं बारीक टाइपात. ज्या असमतोलाबद्दल तक्रार, तोच पानावर पक्का झाला असता.

शब्दांकन हा आपल्याकडचा जुना, सोयीचा प्रकार. प्रश्न गाळायचे आणि कलाकाराच्या तोंडून सलग निवेदन लिहायचं. यावर गटात सर्वांत जास्त चर्चा झाली, कारण कमी बोलणाऱ्या माणसाला शब्दांकन शोभतं. नाकारण्याचं कारण असं की शब्दांकनात वाक्य लेखकाचं असतं आणि ‘मी’ कलाकाराचा. जिथे एका ‘हं’चा अर्थ लावण्यावरून बिनसलं, तिथे सगळी वाक्यं आपणच लिहायची, ही जोखीम मोठी होती.

शेवटचा पर्याय: क्युरेटरची मुलाखत स्वतंत्र करायची, कलाकाराची त्याच्या शेडवर जाऊन नव्याने घ्यायची आणि दोन्ही शेजारी-शेजारी छापायच्या. जादा खर्च ४,८०० रुपये, उशीर किमान तीन आठवडे. हा स्वीकारला.

मध्ये कुणीतरी कायद्याचा मुद्दा काढला, म्हणून तोही पाहिला. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार कलाकृतीत मोडतोड किंवा फेरबदल करून कलाकाराच्या प्रतिष्ठेला बाधा आणली तर त्याला दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं, त्या प्रकरणात शिल्पकार अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष परत आणि पाच लाख रुपये भरपाई दिली, ती याच कलमाखाली. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे की कलाकृती प्रदर्शित न करणं किंवा कलाकाराच्या मनासारखी प्रदर्शित न करणं हा हक्कभंग नाही. म्हणजे पेटीचा वाद बहुधा याच स्पष्टीकरणाच्या बाजूला पडला असता. कलाकारालाही कज्जा नको होता. मुद्दा तिथेच सोडला.

काय केलं

दुसरी मुलाखत कलाकाराच्या शेडमध्ये झाली. गोदामातून परत आलेल्या आठांपैकी दोन तुकडे जमिनीवर मांडले होते. अर्थाविषयी पहिला अर्धा तास एकही प्रश्न विचारायचा नाही, असं ठरवून गेले होते. प्रश्न असे होते: काहील कापायला किती दिवस लागले? आधी आतली खरड काढली का? गूळ ओतताना कोण कोण होतं? पत्रा तापवला होता का? कोणता तुकडा फसला? वाहतुकीत गूळ कशाने झाकला? मुंबईला पाठवताना सोबत काय लिहून दिलं?

उत्तरं धडाधड आली. पत्रा थंड असेल तर गूळ धरत नाही, थर सुटून ढलपा पडतो. म्हणून प्रत्येक तुकडा चुलवाणाच्या (काहिलीखालच्या भट्टीच्या) तोंडाशी धरून, हात लावला तर चटका बसेल इतका तापवला. पहिले दोन तुकडे याच कारणाने वाया गेले आणि पुन्हा ओतावे लागले. गूळ कधी उतरवायचा हे गुळव्याने, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराने, ठरवलं. थर्मामीटर होता, ११८ अंश दाखवत होता, पण गुळव्याने त्याकडे पाहिलंही नाही. पाण्यात गोळी टाकून बघितली.

शेवटच्या प्रश्नावर कलाकार उठला आणि वहीची दोन पानं घेऊन आला. मुंबईला पाठवलेलं मूळ मराठी टिपण. त्यात लिहिलं होतं की तुकडे भिंतीला टेकवायचे नाहीत, छतापासून साखळ्यांनी टांगायचे. साखळीला वरच्या टोकाशी ग्रीसचा पट्टा द्यायचा, म्हणजे मुंग्या उतरत नाहीत. प्रत्येक तुकड्याखाली तीन फूट बाय दीड फुटाचा पत्र्याचा ट्रे, दोन इंच काठाचा. गूळ पाघळणार, पाघळू द्यायचा, पुसायचा नाही. ट्रेमध्ये साठेल तो प्रदर्शनाचाच भाग.

गळती हा अपघात नव्हताच. ती कामात धरलेली होती.

या दोन पानांचा प्रवास नंतर क्युरेटरकडून कळला. त्यांच्या कार्यालयात टिपणाचा इंग्रजी सारांश केला गेला, सुमारे १२० शब्दांचा. त्यात बंद पडलेलं गुऱ्हाळ आलं, स्मृती आली, श्रम आले. साखळ्या, ग्रीस आणि ट्रे गळाले, कारण सारांश करणाऱ्याला ते ‘तांत्रिक’ वाटले. मांडणी करणाऱ्या चमूच्या हातात तोच सारांश होता. क्युरेटरनी मूळ टिपण पाहिलं होतं का, या प्रश्नावर त्यांनी स्वच्छ सांगितलं की चाळलं होतं, वाचलं नव्हतं.

त्यांची बाजूही कमकुवत नव्हती. एक तुकडा गुळासकट पावणेनऊ किलो, २२ मिळून १९० किलोच्या पुढे. कलादालनाचं छत फॉल्स सीलिंगचं. टांगणं शक्यच नव्हतं, आणि हे वेळेत कळलं असतं तर स्वतंत्र लोखंडी चौकट उभी करता आली असती. मुंग्या लागल्यावर शेजारची कागदी कामं वाचवणं ही त्यांची जबाबदारी होती. त्या रात्रीच्या फोनवर कलाकार ‘ठीक आहे, तुम्ही बघा’ असं म्हणाला होता, हे कलाकारालाही मान्य आहे. त्याचा अर्थ त्याच्या लेखी ‘आता तुमच्या हातात आहे’ असा होता, क्युरेटरच्या लेखी संमती.

शेडमधलं ध्वनिमुद्रण ४८ मिनिटांचं, त्यात कलाकार ३९ मिनिटं बोलला. सहा मिनिटं पावसात गेली. पत्र्यावर सर आली की कॉलर माइकही उपयोगाचा नसतो. राखीव फोन त्याच छपराखाली असल्याने तोही निरुपयोगी ठरला. ती सहा मिनिटं शब्दशः न छापता ‘पावसामुळे ऐकू आलं नाही’ असं कंसात दिलं.

भाषेसाठी नियम केला: दोघांना एकच चाळणी. क्रियापदं आणि सर्वनामं दोघांचीही प्रमाण करायची, व्यवसायातले शब्द दोघांचेही तसेच ठेवायचे. चुलवाण, गुळव्या, आदण जसे राहिले तसंच क्युरेटरचं ‘साइट-स्पेसिफिक’ही (ठरावीक जागेसाठीच घडवलेलं) राहिलं, आणि पहिल्यांदा येईल तिथे दोन्हीकडच्या शब्दांचा अर्थ एका ओळीत दिला. संबोधन दोघांचं ‘तुम्ही’ केलं, दोघांना विचारून. कलाकाराने दोन जागी बोली परत मागून घेतली, जिथे तो वडिलांचं वाक्य सांगतो तिथे. ‘ते तसंच बोलायचे,’ एवढंच कारण.

परिणाम

मजकूर पाच आठवड्यांनी प्रसिद्ध झाला. आधी शेडमधली मुलाखत, मग क्युरेटरची. मध्ये एक साधा तक्ता: टिपण कधी पाठवलं, सारांश कधी झाला, गळती कधी सुरू झाली, फोन कधी झाला, पेट्या कधी आल्या. ‘फोनवर काय ठरलं’ या ओळीत दोघांचं म्हणणं दोन रकान्यांत, निवाडा न करता. जुन्या मुलाखतीतला १ तास ७ मिनिटांवरचा भाग क्युरेटरच्या मुलाखतीत त्यांच्या एकटीच्या नावावर गेला, ‘आम्ही’च्या जागी त्यांनी स्वतः ‘मी’ घालून.

किंमतही मोजावी लागली. छापखान्याची ठरलेली तारीख हुकली आणि पुस्तिका सातच मुलाखतींची निघाली; ही ऑनलाइनच राहिली. क्युरेटरचा मूळ सभागृहातला बराच चांगला भाग, विशेषतः समूह-प्रदर्शनात शेजारी कोण हे कसं ठरवतात याबद्दलचा, जागेअभावी गेला. गोदामातून परतलेल्या आठ तुकड्यांपैकी दोनांवरचा गूळ सुटून पडला, त्याबद्दल कुणी भरपाई दिली नाही.

त्या कार्यालयात आता कलाकाराचं मूळ टिपण, ज्या भाषेत असेल त्या भाषेत, मांडणीच्या फाइलला जोडतात.

वेगळं काय करता आलं असतं

जोडमुलाखत आधी घ्यायलाच नको होती. दोघांना स्वतंत्र बोलतं करून, ते वाचून, मग मतभेदाच्या जागांवर एकत्र बसवलं असतं तर सभागृहातली ११२ मिनिटं सत्कारणी लागली असती. क्युरेटरला आपल्या कामाबद्दल बोलायचा सराव असतो, तो त्यांच्या व्यवसायाचाच भाग आहे. शेजारी बसलेल्या कलाकाराकडे तो असेलच असं नाही, आणि तो नसणं म्हणजे विचार नसणं नव्हे.

मुलाखतीआधी मागायचे कागद चुकले. कॅटलॉग आणि भिंतीवरचा मजकूर ही क्युरेटरच्या बाजूची कागदपत्रं. कलाकाराकडून मूळ टिपण, मांडणीचं रेखाटन आणि साहित्याची यादी मागायला हवी होती. वहीची ती दोन पानं सप्टेंबरमध्येच दिसली असती.

परवानगीचं पत्र आता मराठीत एका पानाचं आहे. रेकॉर्डिंग, उतारा, संपादित मजकूर आणि छायाचित्रं यांना चार वेगळे रकाने, चार वेगळ्या सह्या. वाचायला सात दिवस. स्वतःचं बोलणं बदलता किंवा काढता येतं, दुसऱ्याचं नाही. दुसऱ्याच्या बोलण्यावर हरकत असेल तर ती तितक्याच टाइपात शेजारी छापली जाते. पुढच्या पाच मुलाखतींत दोघा कलाकारांनी किमतींचे उल्लेख काढून घेतले, बाकी कुणी काही हलवलं नाही.

उताऱ्यात ‘हं’ला ‘हं’च लिहायचं, आणि ज्या वाक्यावर निर्णय अवलंबून आहे तिथे मुलाखतकाराने तेव्हाच नाव घेऊन विचारायचं: ‘तुमचंही हेच म्हणणं आहे का?’ मग किमान पाच सेकंद गप्प बसायचं. हे बोलायला सोपं, करायला फार कठीण. मुलाखतकाराने सरावासाठी टेबलाखाली बोटं मोजायला सुरुवात केली आहे.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. शेडमधल्या दुसऱ्या मुलाखतीचं मानधन कलाकाराला दिलंच नव्हतं. चूक गटाची आणि निस्तरायला वेळ त्याचा. महिन्याभराने ३,००० रुपये दिले. ते ४,८०० च्या हिशेबात धरले नव्हते, म्हणजे तो आकडाही चुकलेला होता.

छायाचित्राखालच्या ओळीवरून शेवटपर्यंत घासाघीस चालली. क्युरेटरकडच्या फोटोत १४ पेट्या, कलाकाराच्या मते काम २२ तुकड्यांचं. छापलं ते असं: ‘लोखंड, गूळ. २२ तुकडे. छायाचित्रात १४. ट्रे नाहीत.’